पाकटाच्या दारात

मागच्या महिन्यात लोट्याहून फोन आला, दत्ताराम गेले. त्यांचा मुलगा तिथे कंपनीत कामाला आहे. त्याच्या खोलीवर दुपारचे जेवून कॉटवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. तो बिचारा रडवेल्या आवाजात सांगत होता आणि मी त्याला विचारू नये ते विचारलं, "झोपेतच ना रे? नक्की?"

"होय बाई, झोपेतच."

"आणि कॉटवर?"

"होय, कॉटवर."

मी फोन ठेवला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "जिंकलात हो दत्ताराम!"

समोर नात मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. तिने डोकं वर काढलं. "आजी, कुणी गेलं की असं म्हणतात?"

"पाण्याखाली मरायच्या भीतीत ज्याने जन्म काढला तो माणूस कोरड्या गादीवर गेला, तर पेढेच वाटायला हवेत," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही, म्हणून लिहायला बसले. यात माझी अब्रू जाणार आहे. पण बाहत्तराव्या वर्षी ती जपून तरी कुणाला द्यायची?

दत्ताराम म्हणजे मिरकरवाड्याच्या बंदरातला बुड्या. मासेमारीला गेलेल्या ट्रॉलरच्या पंख्यात, म्हणजे बोटीखाली फिरणाऱ्या त्या पात्यांत, कधी जाळं गुंततं, कधी दोर. मग दुसरी बोट तिला ओढत बंदरात आणते आणि कुणीतरी सुरी घेऊन खाली जातो, तो गुंता कापून काढतो. हे कुणीतरी म्हणजे दत्ताराम. बंदरातलं पाणी असं, की त्यात स्वतःचा हात दिसत नाही. डिझेलचा तवंग, माशांची घाण आणि खाली नुसता काळोख. सगळं काम चाचपून करायचं आणि तेही दम धरून.

अंगाने काटकुळे, रंगाने जांभ्या दगडासारखे. बोटं कायम सुरकुतलेली, दोन दिवस पाण्यात गेले नाहीत तरीसुद्धा. पाण्याने डावा कान गेलेला, त्यामुळे मध्ये समुद्र असल्यासारखे ते साऱ्या जगाशी ओरडून बोलत. देवळात घंटा वाजवायच्या आधी दत्तारामांचा "काय भटजी, बरा हायस ना?" ऐकू येई. आणि चालणं! पाऊल उचलून टाकताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. पाय घासत चालायचे, रस्त्यावर, अंगणात, लग्नाच्या मांडवात. त्यांच्या चपला पुढून झिजत. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट दडून बसलेलं असतं. पाय उचलून टाकला तर तो त्याच्या पाठीवर पडतो. घासत नेला तर त्याला चाहूल लागते आणि ते निघून जातं. लहानपणी वडिलांनी ही सवय लावली होती, ती डांबरी रस्त्यावरही सुटली नाही.

ज्यांनी पाकट पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हा मासा परातीसारखा चपटा, मोठा झाला तर चटईएवढा. मागे चाबकासारखी शेपटी आणि शेपटीवर एक काटा. काट्याला करवतीसारखे दाते आणि वर विष. बाजारात मेलेलं पाकट ठेवतात तेव्हा काटा आधीच तोडलेला असतो. जिवंत पाकटाला तो असतो, हे आपण सोयीने विसरतो.

दत्तारामांचा एक नियम होता. ज्याचा पंखा, त्याने पाण्यात यायचं. आप्पाशेठची पहिली बोट गुंतली तेव्हाची गोष्ट सगळं बंदर सांगतं. हा आप्पा माझाच विद्यार्थी, विज्ञानात दोनदा नापास, पुढे चार ट्रॉलरचा मालक. गळ्यात सोन्याची साखळी, पोट आधी येणार, मग आप्पा.

"शेठ, उतरा," दत्ताराम म्हणाले.

"मी? मी कशाला?"

"पंखा कुणाचा?"

"माझा."

"मग तुम्ही पंख्यापाशी. दोर धरून पाण्यात राहायचं, मी वर येईपर्यंत."

"अरे पण इंजिन बंद आहे ना! चावी माझ्या खिशात आहे."

"मग खिसा पण पाण्यात येऊ दे."

आणि आप्पाशेठ साखळीसकट, चावीसकट, त्या तवंगात गळ्यापर्यंत उतरले. लोक पोट धरून हसले. दत्ताराम हसले नाहीत. पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बंदरात, त्यांचा सोबती खाली असताना, वर कुणीतरी इंजिन चालू केलं होतं. वर काय आलं ते त्यांनी पाहिलं होतं. मी एकदा विचारलं, तर एवढंच म्हणाले, "त्याचं नाव पण मी घेत नाय, बाई. घेतलं की हात थांबतात."

आता माझी एंट्री. मी त्या वेळी जेमतेम अठ्ठावन्न वर्षांची अल्लड पोर होते. शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त होत होते. शिकवायची माझी एक पद्धत होती: दारात उभं राहून शिकवायचं. तास संपायच्या आधी कुणाची पळायची टाप नव्हती. निरोप समारंभात कुणीतरी भाषणात म्हणालं, "बाईंनी फळ्यावर इतकी प्रवाळं काढली, पण एकही पाहिलं नाही." लोक हसले, मला झोंबलं. मी माईक हिसकावून घेतला आणि जाहीर केलं, "याच थंडीत मी समुद्राच्या तळाशी जाऊन प्रवाळ बघणार!" टाळ्या पडल्या. आमचे हे पहिल्या रांगेत बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते.

त्याच सुमारास शहरातल्या दोघा भागीदारांनी पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला न्यायचा धंदा काढला होता. टाक्या, नळ्या, चष्मे, रबरी पोशाख सगळं त्यांच्याकडे होतं. समुद्र मात्र ठाऊक नव्हता. किनाऱ्यापासून तासाभरावर पाण्याखाली एक खडप, म्हणजे खडकांचा उंचवटा, आहे आणि त्यावर प्रवाळ आहे, हे ठाऊक होतं दत्तारामांना. त्यांनी दत्तारामांना टाकी लावून बुडी मारायला शिकवलं आणि कामावर घेतलं. साठी गाठलेला माणूस, पण उजेडात, स्वच्छ पाण्यात काम मिळालं म्हणून खूश होता.

मी भागीदारांकडे नाव नोंदवलं आणि पहिले आठ दिवस दत्तारामांनी मला गुडघाभर पाण्यात चालायला शिकवलं, फक्त चालायला.

"बाई, पाय उचलू नका! ओटी भरायला निघाल्यासारख्या काय चालताय?"

"मग कशी चालू?"

"सपाता निसटताहेत तशा. घासा, घासा!"

किनाऱ्यावर माझे दोन माजी विद्यार्थी वडापाव खात हा कार्यक्रम बघत होते. बत्तीस वर्षांचा सूड एका वडापावात.

मग श्वास, मग टाकी, मग खुणा. आणि शेवटी बोट खडपावर गेली तेव्हा कळलं, की खरी परीक्षा बोटीवरच आहे. इंजिन बंद करून दत्ताराम सगळ्यांना गोल बसवत. ही भ्यायची वेळ. प्रत्येकाने आपल्याला कशाची भीती वाटते ते मोठ्याने सांगायचं. सुरुवात ते स्वतः करत.

"मला दोराची भीती वाटते. कापलेला दोर पायात येईल म्हणून. मला पाकटाची भीती वाटते. मला टाकीचीपण वाटते, कारण ती माझी नाय." मग पुढच्याकडे बोट. "आधी वर भिऊन घ्यायचं. खाली हवा मोजकी, ती भ्यायला पुरत नाय."

माझी पाळी आली. मी, प्राणिशास्त्राची पदवीधर, मान ताठ करून म्हणाले, "मला कशाचीच भीती वाटत नाही. पाकट हा स्वभावाने शांत प्राणी आहे. आपण त्याला त्रास दिला नाही तर..."

"रघू," दत्ताराम बोटवाल्याला म्हणाले, "बाईंना परत न्यायच्या."

"अहो, पण का?"

"ज्याला भीती नाय त्याला मी नेत नाय. त्याच्या वाटणीची मग मलाच वाहायला लागते."

दोनदा मला तसंच, कोरडीच्या कोरडी परत आणलं. तिसऱ्यांदा मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "मला भीती वाटते, की मी न बघता परत गेले तर शाळेत सगळे हसतील."

"ही खरी हाय," दत्ताराम म्हणाले. "पण ही भीती खाली कामाची नाय. बरं, चला. एकच सांगतो. पाकट दिसलं तर त्याच्या वर जायचं नाय, काटा वरच मारतं ते. आणि त्याच्या दारात उभं राहायचं नाय. त्याला जायची वाट मोकळी पाहिजे. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. नापास मुलंही मला असंच सांगायची.

चार वाव, म्हणजे पंचवीसेक फूट, खाली गेलो. प्रवाळ खरंच होतं. पुस्तकातल्यासारखं लालभडक नाही, तपकिरी, पिवळट, फणसाच्या सालीसारखं खरखरीत, आणि त्यातून वाटाण्याएवढे निळे मासे आत-बाहेर करत होते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पाण्याखाली रडून उपयोग नसतो, चष्मा धुकटतो. दत्ताराम चार हात मागे होते. ते प्रवाळ बघत नव्हते, वाळू बघत होते.

खडपात एका जागी कपारीची खोलीच झाली होती. तीन बाजूंनी दगड, खाली वाळू, एक बाजू उघडी. मी त्या उघड्या बाजूला गेले आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडचे दगड धरून, गुडघे वाळूवर टेकून, आत वाकून बघू लागले. दारात. बत्तीस वर्षांची सवय हो, दुसरं काय! मागे दत्ताराम टाकीवर सुरी आपटत होते, टण् टण् टण्. मला वाटलं, शाबासकी देताहेत.

मग वाळूने डोळे उघडले.

दोन डोळे आणि त्यांच्या मागे दोन भोकं, उघडझाप करणारी. मग वाळू घसरायला लागली, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने, आणि तिच्याखालून चटईएवढी कड वर आली. माझं सगळं शिक्षण त्या क्षणी टाकीतल्या हवेसारखं फसफसत निघून गेलं. शांत प्राणी, स्वभावाने शांत प्राणी. शेपटी वर उचलली गेली. मला हलता येईना. हात दगडांना चिकटले ते सुटेनात. कानात माझाच श्वास, कुणी तरी लाकूड कापतंय असा. ते पाकट एकदा मागे वळलं, तिथे दगड. पुन्हा वळलं, माझ्याकडे तोंड केलं. त्याला एकच वाट होती आणि त्या वाटेत मी होते. ते घाबरलं होतं. एवढं मला दिसत होतं आणि तरीही मी हात सोडत नव्हते.

माझा घोटा कुणीतरी धरला आणि मी मागे ओढली गेले. मानेवर हात पडला आणि तोंड वाळूत दाबलं गेलं. वर जायची माझी धडपड, आणि तो हात मला आणखी खाली दाबतोय. मला वाटलं, हा माणूस मला मारतोय. मग वरचा उजेड गेला. पाठीवरच्या टाकीला काहीतरी घासून गेलं, मऊ, जड, ओल्या घोंगडीसारखं. किती वेळ ते सांगता येणार नाही. उजेड परत आला तरी मानेवरचा हात निघेना.

त्यांनी मला उलटी केली. चष्म्याआडचे त्यांचे डोळे मी पाहिले. तसे डोळे मी पुन्हा कुणाचे पाहिलेले नाहीत आणि बघायची इच्छा नाही. मी वर झेप घेतली. त्यांनी मनगट धरलं. मी लाथा मारल्या, नखं मारली, त्यांनी सोडलं नाही. झपकन वर गेलं तर छातीतली हवा फुगून माणूस मरू शकतो, हे त्यांनी शिकवलं होतं, मी वहीत लिहून घेतलं होतं, खाली दोन रेघाही मारल्या होत्या. ते मला इंचाइंचाने वर नेत होते. मध्येच थांबत. तळहात दाखवून "हळू, हळू" सांगत. त्यांच्या पायाकडून काळपट हिरवा धूर येत होता. विज्ञानाच्या बाई स्वतःशी म्हणाल्या, शेवाळ असेल.

पाण्याबाहेर डोकं काढलं तेव्हा तो हिरवा धूर लाल झाला.

दत्तारामांना बोटीवर ओढलं तेव्हा त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. मला खाली ओढताना त्यांचा स्वतःचा पाय पाकटाच्या वर गेला होता. काटा पोटरीत शिरून मोडला होता.

"गरम!" ते ओरडत होते. "गरम आण रे! काय पण गरम!"

बोटीवर गरम म्हणजे स्टोव्हवर शिजत असलेली पेज. रघूने तो टोपच्या टोप बादलीत ओतला, समुद्राचं पाणी घालून सोसेल इतका निववला आणि दत्तारामांचा पाय त्यात बुडवला. भाताची शितं, रक्त आणि त्यांचं ते थरथरणं, बादली बोटीच्या फळीवर वाजत होती. पाकटाच्या विषाला उष्णतेने उतार पडतो, हे कोळ्याच्या पोराला ठाऊक असतं. उष्णतेने प्रथिनं बिघडतात, अंडं उकडल्यावर घट्ट होतं ते त्यामुळे, हे मी बत्तीस वर्षं शिकवलं होतं. आणि त्या वेळी मी काय केलं? मी रघूला विचारलं, "पेजेत मीठ आहे का रे?" रघू अजून भेटला की विचारतो, "बाई, मीठ घालू?"

धक्क्यावर भागीदार धावत आले. "काय झालं? कसं झालं?"

दत्ताराम रघूच्या खांद्यावर लोंबकळत होते. दात आवळून म्हणाले, "पाय पडला माझा. वाळूत. पाकटावर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला तोंड होतं. ते मी मिटून घेतलं.

इस्पितळात काटा काढला. जखम चिघळली, दोनदा कापली, पोटरीचा लचका गेला. आणि गावभर झालं, की दत्तारामने पाकटावर पाय दिला. जो साऱ्या जगाला पाय घासत चालायला शिकवायचा, त्याने. नाक्यावर माणसं म्हणू लागली, "दत्ताराम, जपून! रस्त्यात पाकट हाय!" भागीदारांनी त्यांना गोड बोलून कमी केलं, पर्यटक विश्वास कसा ठेवणार म्हणून. बंदरातल्या मालकांनी दाभोळहून दुसरा बुड्या बोलवायला सुरुवात केली. म्हातारा झाला, म्हणाले, अंदाज गेला त्याचा. पाण्यात अंदाज गेलेला माणूस कोण घेतो?

आणि मी महिला मंडळात प्रवाळावर व्याख्यान देत होते. पाकटाचा भाग तर फारच रंगायचा. "एवढं मोठं पाकट, माझ्या पाठीवरून गेलं!" बायका डोळे विस्फारायच्या. त्या वेळी माझ्या मानेवर हात कुणाचा होता, ते मी सांगत नसे. रोज ठरवायची, आज सांगायचं. आणि रोज छातीत तेच लाकूड कापलं जायचं. पाकटासमोर जेवढी घाबरले नव्हते तेवढी मी माझ्याच ओळखीच्या लोकांना घाबरत होते.

तीन महिने गेले. आंबे तयार झाले तेव्हा मी एक पेटी घेऊन त्यांच्या घरी गेले. दारात त्यांची बायको, जनावहिनी, सुकट निवडत बसली होती. आत बाकावर दत्ताराम झोपलेले, सकाळचे दहा वाजलेले, तोंड उघडं, घोरणं अंगणापर्यंत.

"झोपतो नुसता," जनावहिनी म्हणाली. "काम नाय तर काय करील? बाई, आंबे कशाला आणलेत? परड्यात आमच्या पण झाडं हायत."

"अशीच आले."

"अशीच नाय आलात." तिने सुपातून नजर वर केली. "हा माणूस मोरीत पण पाय घासत जातो. झोपेत पाय घासतो, चादर फाटते दर वर्षी एक. आणि तो पाकटावर पाय देईल? मी त्याला विचारलं तर भिंतीकडे तोंड करतो. आता तुम्हाला विचारते. खरं काय झालं?"

मी पेटी खाली ठेवली आणि सांगितलं. सगळं, दारात उभी होते तिथपासून. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती सुकट निवडत राहिली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी त्याचं नाव घालवलं नाय. ज्यांनी घालवलं त्यांना जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरकरवाड्याला गेले. लिलाव चालू होता. माशांचे ढीग, बर्फ, बोली, शिव्या, कावळे. ओल्या लादीवर मी दत्तारामांसारखीच पाय घासत चालले. आप्पाशेठ आणि पाच-सहा मालक एका ढिगापाशी उभे होते. निम्मे माझ्या हातून गेलेले. मी वर्ग गप्प करायचा आवाज काढला. कितीतरी वर्षांनी तो आवाज ऐकून ती चाळिशीची माणसं खरंच गप्प झाली.

"दत्तारामांनी पाकटावर पाय दिला नाही. मी दारात उभी होते. त्यांनी सांगितलं होतं, तरी उभी होते. मला वाचवताना त्यांना लागलं. आणि तीन महिने मी गप्प बसले."

लिलाव थांबला.

आप्पाशेठने साखळीशी चाळा केला. "बाई," तो म्हणाला, "मी खोटं बोललो तेव्हा तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं. अख्खा तास."

"हो."

त्याने पायाने एक रिकामा क्रेट उलटा करून माझ्यापुढे सरकवला. "चला."

हशा पिकला. मी साडी सावरून क्रेटवर चढले. चढले, कारण न्याय बरोबर होता. एक कोळीण ओरडली, "अंगठे पण धरायला लावा!" मी म्हटलं, "अंगठ्यापर्यंत हात पोचत नाही गो आता." आणखी हशा. मला वाटलं, संपलं. इतकं सोपं होतं, उगाच तीन महिने घालवले.

तेवढ्यात आप्पाशेठने हाक मारली, "अरे, दत्तारामला बोलवा! माझी बोट पहाटेपासून धक्क्याला पडलीय, दोर गुंतलाय पंख्यात. दाभोळवाल्याला सांगा, नको येऊ म्हणावं. आपला माणूस असताना बाहेरचा कशाला?"

दत्ताराम आले, लंगडत. मागे जनावहिनी, उजळलेल्या चेहऱ्याने, पदरात सुरी गुंडाळून. लोकांनी वाट करून दिली. कुणी पाठ थोपटली, कुणी म्हणालं, "माफ कर रे बाबा." ते कुणाशी बोलले नाहीत. सरळ माझ्या क्रेटपाशी आले आणि वर बघू लागले.

"कुणी सांगायला सांगितलं तुम्हाला?"

ते हळू बोलत होते. त्या माणसाचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुमचं नाव गेलं होतं, दत्ताराम. माझ्यामुळे."

"गेलं होतं तर जाऊ द्यायचं." ते आणखी जवळ आले. "तीन महिने मी निजलो, बाई. लग्नापासून असा निजलो नव्हतो. लोक हसत होते, पण कोण बोलवत नव्हतं. मला वाटलं, सुटलो. कोणाला न सांगता, नाक न कापता, सुटलो."

"मग नका ना जाऊ. मी सांगते आप्पाला."

"काय सांगाल? दत्ताराम भितो?" त्यांनी बंदराकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, जनावहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे थोडे जास्त थांबले. "आता सगळे चांगलं बोलतायत. आता नाय म्हणायला मला तोंड कुठं ठेवलंत तुम्ही?"

ते धक्क्याच्या कडेला जाऊन बसले आणि पायावरचं फडकं सोडलं. पोटरीच्या जागी एक खळगा होता, जांभळट, नव्या कातडीचा. ती कातडी आपोआप उडत होती, बैलाच्या पाठीवर माशी बसल्यावर उडते तशी. आप्पाशेठ आधीच पाण्यात उतरले होते. जनावहिनीने सुरी दिली. मला ओरडायचं होतं, मगाशी सापडलेला आवाज कुठे गेला कुणास ठाऊक.

मला क्रेटवरून उतरायला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यांवरून मला नीट दिसलं. त्यांनी सुरी दातांत धरली, दोनदा श्वास आत-बाहेर केला, तिसरा धरला आणि डोकं खाली करून गेले. शेवटी तळवे वर आले. पांढरेफटक, एक सरळ, एक आत वळलेला. क्षणभर ते त्या तवंगावर तसेच उभे राहिले आणि मग पाणी त्यांच्यावरून मिटलं.

मीही श्वास धरला. माझा संपला, दुसरा घेतला, तोही संपला. पाणी सपाट होतं.